कौटुंबिक कागदपत्रे स्कॅन करताना : जपायची फाइल आणि वाटायची फाइल

घरातील जुनी पत्रे, जन्म-मृत्यूचे दाखले, करारपत्रे, शाळेची प्रमाणपत्रे, रोजनिशीची पाने आणि छायाचित्रे स्कॅन करायला घेतली की पहिल्याच पानाला संगणक विचारतो, फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायची. समोर जेपेग, टिफ, पीएनजी, पीडीएफ अशी यादी असते आणि बहुतेक जण त्यातला आधीपासून निवडलेला पर्याय तसाच राहू देतात. तो पर्याय कार्यालयीन कागद चटकन ई-मेलने पाठवता यावेत या सोयीने ठरवलेला असतो. पणजोबांच्या पत्रातील पुसट झालेली पेन्सिल जपणे हा त्याचा हेतू नसतो.

कुटुंबाच्या इतिहासाचा पुरावा पुष्कळदा मुख्य मजकुरात नसतोच, तो मजकुराच्या आजूबाजूला असतो. समासात लिहिलेले एखादे नाव, वेगळ्या शाईने दुरुस्त केलेले जन्मवर्ष, अर्धवट उमटलेला टपालाचा शिक्का, छायाचित्राच्या पाठीवरचा स्टुडिओचा ठसा, कागद उजेडात धरल्यावरच दिसणारे जलचिन्ह अशा खुणांवरून तारीख ठरते, नाते जुळते किंवा जुळलेले नाते चुकीचे असल्याचे कळते. म्हणून फॉरमॅट निवडताना मी एकच कसोटी धरतो : कागदावरची सर्वांत पुसट खूण फाइलमध्ये शिल्लक राहते की नाही. पुढील सर्व पायऱ्या याच कसोटीच्या आधाराने मांडल्या आहेत.

एका कागदाच्या दोन फाइली

नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो एकाच फाइलकडून दोन कामांची अपेक्षा ठेवल्यामुळे. फाइल वर्षानुवर्षे टिकावी, तिच्यातील बारीकसारीक तपशील जसाच्या तसा राहावा, असे एकीकडे वाटते. दुसरीकडे तीच फाइल भावंडांना मोबाइलवर चटकन पाठवता यावी, कोणत्याही उपकरणावर उघडावी असेही वाटते. या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात, म्हणून त्यांची सांगड घालण्याचा प्रयत्न सोडून द्यावा आणि प्रत्येक कागदाच्या दोन फाइली असतील हे सुरुवातीलाच ठरवून टाकावे. पहिली जतनप्रत. ती स्कॅनरकडून जशी आली तशीच ठेवायची, तिच्यावर कोणतीही दुरुस्ती करायची नाही आणि ती एरवी उघडायचीही नाही. दुसरी वापरप्रत. ती जतनप्रतीवरून तयार करायची, हवी तेवढी लहान करायची, उजळायची, कापायची, वाटायची. बिघडली किंवा हरवली तर जतनप्रतीवरून पुन्हा काढायची.

हा प्रवास एकाच दिशेने होतो. जतनप्रतीवरून वापरप्रत केव्हाही काढता येते, पण वापरप्रतीतून गेलेला तपशील कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही. अलीकडची काही साधने चित्र सुधारल्याचा आभास निर्माण करतात, मात्र ती अंदाजाने नवे पिक्सेल भरतात, आणि पुराव्याच्या कागदावर अंदाजाने भरलेले अक्षर असण्यापेक्षा ते अक्षर पुसट असलेले बरे.

फॉरमॅटच्या आधी ठरवायच्या गोष्टी

स्कॅनरने जे टिपलेच नाही ते कोणताही फॉरमॅट जपू शकत नाही. त्यामुळे आधी रंग आणि रिझोल्यूशन या दोन बाबी ठरवाव्यात.

रंगाबाबत माझे मत ठाम आहे : कागद काळ्या शाईने लिहिलेला आणि छायाचित्र कृष्णधवल असले तरी स्कॅन रंगीतच करावा. कागदाचा पिवळेपणा, शाईचा तपकिरीपणा, पाण्याचा डाग आणि पेन्सिलची राखाडी रेघ यांच्यातील फरक डोळ्याला कळतो तो रंगामुळे. राखाडी छटांमध्ये डाग आणि अक्षर एकाच उजळपणाचे निघाले तर ते एकमेकांत मिसळून जातात. रंगीत फाइल असेल तर पुढे लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही स्तर वेगवेगळे पाहता येतात आणि डागाखालचे अक्षर त्यांपैकी एका स्तरात बऱ्याचदा स्पष्ट दिसते. स्कॅनरमधील ‘मजकूर’ किंवा ‘काळे-पांढरे’ हा पर्याय तर जतनप्रतीसाठी पूर्णपणे टाळावा, कारण त्यात प्रत्येक पिक्सेल एक तर पूर्ण काळा ठरतो किंवा पूर्ण पांढरा, आणि पुसट पेन्सिलच्या वाट्याला पांढरा रंग येतो.

रिझोल्यूशन डीपीआयमध्ये, म्हणजे दर इंचाला किती बिंदू टिपायचे या हिशेबात सांगितले जाते. सुवाच्य लिहिलेल्या किंवा छापलेल्या पानासाठी ३०० डीपीआय पुरेसे होते. मात्र पेन्सिलच्या बारीक रेघेची जाडी ०.२ मिलिमीटर धरली तर ३०० डीपीआयला ती जेमतेम अडीच पिक्सेलांत मावते आणि ६०० डीपीआयला सुमारे पाच पिक्सेल मिळतात. अक्षराचे वळण ओळखायला हा फरक निर्णायक ठरतो. म्हणून बारीक लेखन, पुसट शिक्के आणि छापील छायाचित्रे यांच्यासाठी ६०० डीपीआय घ्यावे. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हची चौकट अवघी ३६ गुणिले २४ मिलिमीटरची असते, त्यामुळे तिला ३००० ते ४००० डीपीआय लागते. या सर्व ठिकाणी स्कॅनरचे ऑप्टिकल, म्हणजे तो प्रत्यक्षात टिपतो ते रिझोल्यूशन पाहावे; ‘इंटरपोलेटेड’, म्हणजे मधले बिंदू अंदाजाने भरून दिलेला मोठा आकडा केवळ फाइल फुगवतो.

जागेचा हिशेबही याच टप्प्यावर करून ठेवावा. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलांचे होते आणि दर पिक्सेलला तीन बाइट धरले, तर कॉम्प्रेशनशिवाय, म्हणजे फाइल दाबून लहान न करता, सुमारे २६ एमबी जागा घेते. तेच पान ६०० डीपीआयला चौपट, म्हणजे सुमारे १०४ एमबी होते. पाचशे पाने ३०० डीपीआयला १३ जीबीत बसतात. आजच्या साठवण-साधनांच्या मानाने हे प्रमाण घाबरण्यासारखे नाही, आणि मोजक्या पानांसाठी ६०० डीपीआय घेताना तर जागेचा विचार करूच नये.

जतनप्रतीसाठी टिफ, आणि तेवढाच चांगला पीएनजी

टिफ हा फॉरमॅट आल्डस कंपनीने १९८६ साली, मुख्यतः स्कॅनरच्या प्रतिमांसाठीच आणला आणि त्याची ६.० ही आवृत्ती १९९२ पासून जवळजवळ तशीच वापरात आहे. इतकी वर्षे न बदलता टिकलेला, खुलेपणाने प्रसिद्ध झालेला आणि असंख्य सॉफ्टवेअरना वाचता येणारा फॉरमॅट असल्यामुळे ग्रंथालये आणि अभिलेखागारे जतनासाठी त्यालाच पसंती देतात. त्यात प्रत्येक पिक्सेल स्कॅनरने टिपला तसाच राहतो, रंगाची माहिती सांगणारे प्रोफाइल सोबत ठेवता येते आणि फाइलविषयीची टिपणेही आतच नोंदवता येतात.

टिफ निवडल्यावर सॉफ्टवेअर बहुधा कॉम्प्रेशनबद्दल विचारते. ‘काही नाही’, ‘एलझेडडब्ल्यू’ आणि ‘झिप’ हे तिन्ही पर्याय सुरक्षित आहेत, कारण शेवटचे दोन लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावता फाइल लहान करणारे आहेत. फाइल उघडली की प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा परत मिळतो. त्याच यादीत ‘जेपेग’ हाही पर्याय दिसू शकतो, आणि तो निवडला तर फाइलचे नाव टिफ राहूनही आतील चित्र जेपेगचे होते. हे टाळायलाच हवे. पिक्सेलच्या प्रत्येक रंगाच्या छटा ८ बिटमध्ये नोंदवायच्या की अधिक बारकाईने १६ बिटमध्ये, असा प्रश्न आल्यास कागदांसाठी आणि छापील छायाचित्रांसाठी प्रत्येक रंगाला ८ बिट पुरतात. निगेटिव्ह, किंवा इतके फिके पडलेले छायाचित्र की ज्याच्या छटा पुढे बऱ्याच ताणाव्या लागतील, तेथे १६ बिट घ्यावेत. फाइल दुप्पट होते, पण छटा ताणल्यावर पट्टे उमटत नाहीत. १६ बिट फाइलला एलझेडडब्ल्यू लावू नये, त्याने ती कधीकधी उलट वाढते. तेथे झिप बरे.

कॉम्प्रेशन मुळीच न करण्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. साठवणीत कोठे तरी एखादा बाइट बिघडला, तर कॉम्प्रेशन नसलेल्या टिफमध्ये सहसा एखाद्या पिक्सेलचा रंग बदलतो, तर कॉम्प्रेस केलेल्या फाइलमध्ये तेथून पुढचा एक पट्टा किंवा अख्खे चित्रच वाचता येत नाही. हा धोका प्रतींची संख्या वाढवूनही टाळता येतो. त्यामुळे जागा मुबलक असेल तर कॉम्प्रेशनशिवाय ठेवावे, नसेल तर निर्धास्तपणे एलझेडडब्ल्यू वापरावे.

अनेक घरगुती स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये टिफ दिसतच नाही, मात्र पीएनजी दिसतो. अशा वेळी नवा स्कॅनर शोधत बसण्याचे कारण नाही. पीएनजी १९९६ साली जीआयएफ या जुन्या चित्र-फॉरमॅटला पर्याय म्हणून तयार झाला. जीआयएफमधील कॉम्प्रेशनवर पेटंटचा हक्क सांगितला गेल्यानंतर काही जाणकारांनी एकत्र येऊन हा मुक्त फॉरमॅट रचला. तोही पूर्णपणे लॉसलेस आहे, ८ आणि १६ बिट दोन्ही सांभाळतो, शिवाय कोणत्याही ब्राउझरमध्ये थेट उघडतो, जे टिफच्या बाबतीत बहुतेक ब्राउझरमध्ये होत नाही. पीएनजीच्या प्रत्येक अंतर्गत भागासोबत पडताळणीचा आकडा साठवलेला असतो, त्यामुळे फाइल बिघडल्यास ते लक्षात येते. त्याच्या मर्यादा दोन : एका फाइलमध्ये एकच पान मावते, आणि वर्णनात्मक टिपणे ठेवण्याची सोय सगळी सॉफ्टवेअर सारखीच ओळखतात असे नाही. त्यात रिझोल्यूशन दर मीटरच्या हिशेबाने नोंदवले जात असल्यामुळे ३०० डीपीआयऐवजी कधी २९९.९९९ असा आकडा दिसतो. त्याने काही बिघडत नाही.

टिफमध्ये अनेक पाने एकाच फाइलमध्ये ठेवता येतात, पण जतनप्रतीसाठी एका पानाची एक फाइल हाच शिरस्ता बरा. पंधरा पानांच्या पत्रव्यवहारातील सातवे पान नंतर पुन्हा स्कॅन करावे लागले तर बाकीच्या चौदा पानांना हात लागत नाही.

जेपेगमध्ये नेमके काय जाते

जेपेगचे मानक १९९२ साली ठरले आणि त्यामागचा विचार नैसर्गिक छायाचित्रांचा होता : आकाश, चेहरे, झाडे, हळूहळू बदलणाऱ्या छटा. माणसाच्या डोळ्याला जे सहसा जाणवत नाही ते टाकून देऊन फाइल दहापट किंवा त्याहूनही लहान करणे हे त्याचे काम, आणि ते काम तो उत्तम करतो. अडचण अशी, की हस्तलिखितातील बारीक रेघ आणि कडेची पुसट छटा नेमकी याच ‘सहसा न जाणवणाऱ्या’ गटात मोडते.

हे कसे घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलांचे चौकोन पाडतो, म्हणजे ३०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये प्रत्येक चौकोन कागदावरील पाऊण मिलिमीटरहूनही लहान असतो. प्रत्येक चौकोनातील सूक्ष्म चढउतारांची किंमत तो ढोबळ करतो, आणि ढोबळ करताना जी किंमत शून्याजवळ असेल ती शून्यच होते. गडद शाईचा फटकारा जोरकस असल्यामुळे टिकतो, पण त्याच्याभोवती धुरकट ठिपके उमटतात. फिकी पेन्सिल कागदाच्या रंगाहून थोडीच गडद असल्याने त्या चौकोनातून विरून जाते किंवा तिच्या जागी एकसारखा करडा चौकोन उरतो. याशिवाय बहुतेक सॉफ्टवेअर जेपेगमध्ये रंगाची माहिती उजळपणाच्या मानाने निम्म्या बारकाईने साठवतात, म्हणजे शेजारच्या चार पिक्सेलांना मिळून एकच रंग मिळतो. निळ्या शाईने लिहिलेल्या वर्षावर कोणी लाल पेन्सिलने दुरुस्ती केली असेल, तर त्या दोहोंची सरमिसळ होते आणि आधी काय लिहिले होते, नंतर काय लिहिले गेले, हे सांगणे अवघड होते.

जेपेगविषयी एक गैरसमजही आहे, तो दूर करायला हवा. फाइल उघडून नुसती पाहिल्याने, तिची नक्कल केल्याने किंवा ती एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवल्याने ती खराब होत नाही. ती खराब होते चित्रात बदल करून पुन्हा जेपेग म्हणून जतन केल्याने, कारण दर वेळी चौकोन पाडण्याची आणि ढोबळ करण्याची प्रक्रिया नव्याने होते. म्हणूनच जेपेगच्या स्वरूपात हाती आलेली फाइल सुधारायची असेल तर तिची टिफ किंवा पीएनजी प्रत करावी, सगळे काम त्या प्रतीवर करावे आणि अगदी शेवटी एकदाच जेपेग काढावा. मात्र जेपेगचा टिफ केल्याने चित्राचा दर्जा वाढत नाही. फाइल फक्त मोठी होते. एखाद्या नातेवाइकाने त्याच्याकडील दाखल्याचा जेपेग पाठवला आणि मूळ कागद मिळण्याची आशा नसली, तर तो जेपेग जसा आला तसाच आपली जतनप्रत समजावा आणि त्याच्या नावात तशी खूण करावी.

स्कॅनर फक्त जेपेगच देत असेल तर काय करावे? सॉफ्टवेअरमध्ये गुणवत्तेचा आकडा असेल तर तो सर्वोच्च ठेवावा आणि रिझोल्यूशन एक पायरी वाढवावे, कारण ६०० डीपीआयला तीच रेघ दुप्पट पिक्सेलांवर पसरते आणि चौकोनातून विरण्याची शक्यता कमी होते. गुणवत्तेचे आकडे सगळीकडे सारखे नसतात, एका सॉफ्टवेअरमध्ये ते १०० पर्यंत जातात, तर दुसऱ्यात १२ वर संपतात, तेव्हा आकड्यांची तुलना करण्यापेक्षा पुढे दिलेली चाचणी करावी. त्याच स्कॅनरला चालणारे स्वतंत्र स्कॅनिंग सॉफ्टवेअर बसवले की पुष्कळदा टिफचा पर्याय खुला होतो, हेही करून पाहण्यासारखे आहे.

पीडीएफ : वाचायला उत्तम, जपायला जपूनच

पीडीएफविषयी सर्वाधिक सावधगिरीची गरज आहे, कारण तो सर्वांच्या रोजच्या ओळखीचा असतो आणि त्यामुळे त्याच्याविषयी शंका येत नाही. पीडीएफ हा मुळात चित्राचा फॉरमॅट नाही, तो पाने ठेवण्याची चौकट आहे. स्कॅन केलेल्या पीडीएफच्या आत प्रत्येक पानाचे एक चित्र असते आणि ते जेपेग आहे, लॉसलेस आहे की काळे-पांढरे, हे बाहेरून दिसत नाही. स्कॅनर पीडीएफ बनवताना फाइल लहान राहावी म्हणून आतील चित्र बहुधा बरेच दाबतो.

यातील सर्वांत गंभीर उदाहरण २०१३ साली पुढे आले. जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांच्या लक्षात आले की एका बांधकामाच्या नकाशातील वेगवेगळ्या खोल्यांची क्षेत्रफळे झेरॉक्स कंपनीच्या कार्यालयीन यंत्रावर स्कॅन केल्यावर बदलून येत होती. कारण होते जेबिग-२ नावाचे कॉम्प्रेशन. ही पद्धत पानावरील एकसारखे दिसणारे आकार शोधते, त्यांपैकी एकच साठवते आणि बाकीच्या ठिकाणी त्याचीच नक्कल बसवते. आकार पुरेसे सारखे आहेत असे चुकून ठरले तर ६ च्या जागी स्वच्छ, रेखीव, अजिबात संशय न येणारा ८ उमटतो. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली, परंतु वंशावळीचे काम करणाऱ्याने यातून घ्यायची सावधगिरी स्पष्ट आहे : अंधूक आकडा दिसला तर निदान आपण मूळ कागद पुन्हा पाहतो, पण स्वच्छ दिसणारा चुकीचा आकडा जन्मतारीख म्हणून पुढच्या पिढ्यांच्या नोंदीत जाऊन बसतो. त्यामुळे जतनप्रतीसाठी पीडीएफ नको, आणि वापरासाठी काढतानाही ‘जास्तीत जास्त लहान’ हा पर्याय नको.

वापरप्रत म्हणून मात्र पीडीएफ फार उपयोगी आहे. अनेक पानी पत्र, रोजनिशी किंवा मृत्युपत्र क्रमाने वाचायचे तर सुट्या चित्रांपेक्षा एक पीडीएफ कितीतरी सोयीचा, आणि छापील मजकूर असेल तर ओसीआरने, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, चित्रामागे शोधता येणारा मजकूरही घालता येतो. असा पीडीएफ जतनप्रतींवरून स्वतः जोडून करावा आणि सॉफ्टवेअरमध्ये सोय असल्यास तो पीडीएफ/ए या प्रकारात जतन करावा. दीर्घकाळ वाचता यावा म्हणून २००५ साली ठरलेले हे मानक आहे आणि त्यात फॉन्ट, रंगाची माहिती असे लागणारे सर्व काही फाइलच्या आतच असावे लागते.

बाकीची नावे

जीआयएफमध्ये एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग मावतात; स्कॅनसाठी तो निरुपयोगी आहे. बीएमपी लॉसलेस असला तरी टिफपेक्षा त्यात काहीच जास्त मिळत नाही. जेपेग २००० गुणवत्तेने चांगला आहे आणि काही मोठे संग्रह तो वापरतात, पण घरगुती सॉफ्टवेअरला तो उघडताना अडचण येते. वेबपी संकेतस्थळांवर दाखवण्यासाठी ठीक. आयफोन २०१७ पासून छायाचित्रे एचईआयसीमध्ये ठेवतो. कागदाचे छायाचित्र मोबाइलनेच घ्यावे लागले आणि फाइल त्या स्वरूपात आली, तर ती मूळ म्हणून ठेवावी आणि सोबत टिफ किंवा पीएनजी प्रत काढून ठेवावी. मोबाइलवरील ‘कागद स्कॅन करा’ अशी अ‍ॅप पान पांढरेशुभ्र करतात, आणि त्या सफाईत कागदाचा पोत, जलचिन्ह आणि पेन्सिल पुसली जाते. जुन्या कागदासाठी मोबाइलचा साधा कॅमेराच त्याहून प्रामाणिक ठरतो.

सगळे स्कॅन करण्यापूर्वी एक चाचणी

आपल्या संग्रहातून सर्वांत कठीण कागद निवडावा. सर्वांत सुंदर नव्हे, तर ज्यावर पुसट पेन्सिल, फिकी शाई, शिक्का आणि डाग यांपैकी निदान दोन गोष्टी आहेत असा. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधील आपोआप उजळणे, धार वाढवणे, पार्श्वभूमी काढणे, धूळ पुसणे हे सर्व पर्याय बंद करावेत, कारण ते जतनप्रत तयार होण्याआधीच तिच्यात फेरफार करतात. मग तो कागद ३०० आणि ६०० डीपीआयला टिफमध्ये, आणि स्कॅनर देत असेल तर जेपेग व पीडीएफमध्येही स्कॅन करावा. मिळालेल्या फाइली शेजारी शेजारी उघडून कागदावरची तीच एक पुसट खूण ३०० टक्के मोठी करून पाहावी. रेघ सलग आहे की तुटली, तिच्याभोवती चौकोनांची जाळी दिसते का, शिक्क्यातील जोडाक्षरे सुटी वाचता येतात का, दुरुस्तीची शाई वेगळी ओळखू येते का, हे नीट तपासावे. या तपासणीत जे सर्वांत कमी रिझोल्यूशन पुरे पडेल ते बाकीच्या कागदांसाठी वापरायला हरकत नाही.

याच वेळी फाइलचा आकारही पाहावा. ए-४ पानाचा ३०० डीपीआयचा रंगीत, कॉम्प्रेशन नसलेला टिफ २६ एमबीच्या आसपास यायला हवा. एलझेडडब्ल्यू लावल्यावर तो त्याहून लहान होईल, पण एक-दीड एमबीचा निघाला तर आत जेपेग कॉम्प्रेशन दडलेले आहे किंवा स्कॅन रंगीत झालेलाच नाही, असे समजून सेटिंग पुन्हा तपासावे. दोनच मिनिटांची ही पडताळणी शेकडो पानांचे काम वाया जाण्यापासून वाचवते.

रंगाच्या प्रोफाइलबाबत फार खोलात जाण्याची गरज नाही. एसआरजीबी हे सर्वसाधारण वापराचे प्रोफाइल निवडावे आणि ते फाइलमध्ये समाविष्ट करण्याचा पर्याय चालू ठेवावा.

नाव, मागची बाजू आणि टिपण

स्कॅनरने दिलेले क्रमांकाचे नाव तसेच ठेवू नये. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख, मग कागदाचा प्रकार, मग व्यक्तीचे नाव आणि शेवटी तीन आकडी पान क्रमांक, अशी रचना ठेवली की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. पहिल्या पानाला ००१ असेच लिहावे; नुसता १ लिहिला तर काही उपकरणांवर दहावे पान दुसऱ्याच्या आधी येते. तारखेतील माहीत नसलेल्या भागाच्या जागी शून्ये द्यावीत, अंदाज लिहू नये. फाइलच्या नावात देवनागरी अक्षरे आजच्या संगणकांवर चालतात, तरी जुन्या उपकरणांचा आणि निरनिराळ्या सॉफ्टवेअरचा विचार करून रोमन अक्षरे, आकडे आणि जोडरेघ एवढ्यावरच भागवणे अधिक सुरक्षित. मोकळी जागा सोडू नये.

मागच्या बाजूवर काही लिहिलेले असो वा नसो, छायाचित्रांची आणि दाखल्यांची पाठ स्कॅन करावीच, आणि तिचे नाव पुढच्या बाजूच्या नावाला रोमन अक्षरांत ‘magil’ (मागील) अशी खूण जोडून ठेवावे. कागदाच्या चारही कडा फाइलमध्ये दिसाव्यात इतकी मोकळी जागा भोवती सोडावी. कडा कापल्या की पान वहीतून फाडलेले होते की सुटे, हे कळायचा मार्ग बंद होतो.

मूळ कागद कोणाकडे आहे, त्यात कोणाचा उल्लेख आहे, कोणी ओळख पटवली, स्कॅन केव्हा केला, ही माहिती टिफच्या आत लिहिता येते, पण ती प्रत्येक सॉफ्टवेअर दाखवीलच असे नाही आणि समाजमाध्यमांवरून जाताना तर ती बहुधा गळून पडते. म्हणून त्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक फाइल ठेवावी आणि तिच्यात प्रत्येक स्कॅनसाठी एक-दोन ओळी लिहाव्यात. साध्या मजकुराची फाइल कोणत्याही संगणकावर उघडते.

वाटण्याची प्रत

वापरप्रत काढताना जतनप्रत उघडून लगेच वेगळ्या नावाने, वेगळ्या फोल्डरमध्ये जतन करावी आणि त्यानंतरच तिला हात लावावा. लांब बाजू २००० ते २५०० पिक्सेल आणि जेपेगची गुणवत्ता १०० पैकी ८५ च्या आसपास ठेवली, तर पडद्यावर पान सहज वाचता येते आणि फाइल साधारणपणे एक-दोन एमबीत राहते. बारीक हस्ताक्षर असेल तर पिक्सेल कमी करू नयेत. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र म्हणून पाठवलेली फाइल वाटेत पुन्हा दाबली जाते, तेव्हा ज्याला अक्षर लावून वाचायचे आहे त्याला ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. तशी पाठवलेली फाइल जशीच्या तशी पोहोचते. जिवंत व्यक्तींच्या कागदांवरील पत्ते, खाते क्रमांक, ओळखपत्रांचे क्रमांक वापरप्रतीत झाकावेत. ते चित्रावर रंग भरून झाकावेत. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला तर तो काढून खालचा मजकूर वाचता येऊ शकतो.

प्रती आणि पडताळणी

जतनप्रतींच्या तीन प्रती असाव्यात, त्या निदान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर, दुसऱ्या ठिकाणी असावी. घराबाहेरची प्रत इंटरनेटवरील साठवणीत ठेवायची असेल, तर ती सेवा छायाचित्रे आपणहून लहान करत नाही ना, हे एक फाइल परत उतरवून आणि तिचा आकार मूळ फाइलशी बाइटपर्यंत जुळवून तपासावे. फाइल जशी होती तशीच आहे याची खात्री चेकसमने होते : एसएचए-२५६ सारखी पद्धत फाइलच्या मजकुरावरून एक लांबलचक आकडा काढते आणि एक बिट बदलला तरी तो आकडा पूर्ण बदलतो. सर्व जतनप्रतींचे चेकसम एका यादीत काढून ठेवावेत आणि प्रती नव्या साधनावर हलवताना ते जुळतात का, हे पाहावे. ही साधने मोफत मिळतात.

आधीच जेपेग किंवा पीडीएफमध्ये स्कॅन केले असेल तर

सगळे काम पुन्हा करण्याची गरज नाही. ज्या कागदांचे मूळ आता हाती नाही त्यांच्या आहेत त्या फाइली जतनप्रत ठरवून, त्यांना हात न लावता बाजूला ठेवाव्यात. ज्यांचे मूळ आहे, त्यांपैकी आधी पेन्सिलचे लेखन, दुरुस्त्या आणि शिक्के असलेली पाने पुन्हा घ्यावीत, नंतर फिकी पडत चाललेली रंगीत छायाचित्रे, कारण त्यांचे रंग दरवर्षी आणखी उतरतात. ठळक छापील मजकुराची पाने शेवटी घेतली तरी चालते. आकडेमोड, खातेवह्या आणि तारखांच्या याद्या पीडीएफमध्ये असतील, तर त्यांतील प्रत्येक तारीख वंशावळीत नोंदवण्यापूर्वी मूळ कागदाशी ताडून पाहावी. नवी जतनप्रत तयार झाल्यावरही जुनी फाइल पुसू नये. दोन स्कॅनच्या मधल्या काळात कागदाचा एखादा कोपरा तुटलेला असू शकतो, आणि तो कोपरा फक्त त्या जुन्या फाइलमध्येच शिल्लक असेल.